किराणा ऑनलाइन मागवताना: कोणता जिन्नस कुठून?

वाचकाचं पत्र:
आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. घरात पाच माणसं: आम्ही दोघं नोकरदार, दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई. वर्षभरापासून किराणा, दूध, भाजी सगळं ऑनलाइन मागवतो. फोनमध्ये चार ॲप आहेत आणि दिवसाआड दारात एक पिशवी असतेच. वेळ वाचतो हे खरं, पण वाण्याकडून सामान भरायचो तेव्हापेक्षा महिन्याचा खर्च बराच वाढलाय. पालेभाजी निम्मी टाकावी लागते. मागच्या महिन्यात खाकऱ्याचं पाकीट आलं, त्याची मुदत चारच दिवस उरली होती. तक्रार केली तर पैसे ॲपच्या वॉलेटमध्ये जमा झाले. सासूबाई म्हणतात, आपला वाणीच बरा. नेमकं कोणतं ॲप चांगलं, ते एकदा सांगून टाका.

उत्तर:

एकच नाव सांगितलं तर तुमचा प्रश्न सुटणार नाही. वाणसामान, दूध, पालेभाजी आणि 'आत्ता हवी असलेली' मिरची या चार गोष्टी एकाच ठिकाणी चांगल्या मिळत नाहीत, मग ॲप कोणतंही असो. तेव्हा आधी यादीचे तुकडे करा आणि मग प्रत्येक तुकड्याला ठिकाण ठरवा. सासूबाईंचा वाणीही त्यात बसतो, तोही ऑनलाइनच.

या सेवा मुळात दोन जातीच्या आहेत. ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट यांचा माल तुमच्या घरापासून दोन-तीन किलोमीटरवरच्या छोट्या गोदामातून निघतो. त्यांना डार्क स्टोअर म्हणतात, तिथे गिऱ्हाईक जात नाही. जागा लहान, म्हणून निवड मोजकी. मोठी पाकिटं कमी आणि लवकर खपणारी लहान पाकिटं जास्त. दुसरी जात स्लॉटवाली. डीमार्ट रेडीसारख्या सेवेत आज मागणी नोंदवायची, दिलेल्या वेळेत माल घरी येतो किंवा पिकअप पॉइंटवरून आपण आणायचा. बिगबास्केटवर झटपट आणि स्लॉट असे दोन्ही प्रकार दिसतात, कोणत्या टॅबमध्ये आहोत ते बघून घ्यावं. तीच डाळ दोन टॅबमध्ये दोन पाकिटांत आणि दोन भावांत असू शकते.

आता वाढलेल्या खर्चाकडे येऊ. बिलाच्या तळाशी जाऊन बघा. डिलिव्हरी, हँडलिंग, छोट्या ऑर्डरचा आकार, पावसात किंवा गर्दीच्या वेळी आणखी एक आकार आणि या सगळ्यावर जीएसटी. समजा १८० रुपयांच्या सामानावर हे मिळून ५५ रुपये झाले, तर तो माल तीस टक्के महाग पडला. तुमच्याकडे दिवसाआड पिशवी येते, म्हणजे महिन्याला पंधरा ऑर्डर. प्रत्येकीमागे ४५ रुपये धरले तरी पावणेसातशे रुपये नुसते आकारांत गेले. ते चुकवायला माणूस काय करतो, तर 'आणखी ६० रुपयांचं घ्या, डिलिव्हरी मोफत' हे वाचून चिप्सची दोन पाकिटं टाकतो. २५ रुपये वाचवायला ६० खर्च होतात. खर्च वाढण्याचं सगळ्यात मोठं कारण बहुतेक घरांत हेच असतं. भाव त्या मानाने किरकोळ.

पैसे भरण्याआधी आणखी एक नजर टिप आणि देणगीच्या ओळींवर टाका. तुम्ही न निवडता तिथे खूण असेल तर काढा. गिऱ्हाइकाच्या संमतीविना टोपलीत काही घुसवणं हे केंद्र सरकारच्या २०२३ च्या 'डार्क पॅटर्न' (गिऱ्हाइकाला नकळत फसवणाऱ्या ॲपमधल्या युक्त्या) मार्गदर्शक तत्त्वांत अनुचित ठरवलेलं आहे. टिप द्यायची असेल तर जरूर द्या, पण आपण होऊन.

दुसरी गळती पाकिटाच्या मापात आहे. तूरडाळीचं अर्ध्या किलोचं पाकीट ९४ रुपयांना आणि किलोचं १७२ ला असेल, तर अर्ध्याचा भाव किलोला १८८ पडतो. झटपट ॲपवर अर्ध्याचंच पाकीट पुढे दिसतं, म्हणून तेच घेतलं जातं. तेलाच्या पिशवीत तर डोळ्यांसमोर फसायला होतं. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. पण बाजारात ८५० आणि ८०० ग्रॅमच्याही पिशव्या आहेत आणि फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात. ९१० ग्रॅमची पिशवी १६५ ला आणि ८०० ग्रॅमची १५० ला असेल तर दुसरी स्वस्त वाटते. हिशेब केला की पहिली किलोला सुमारे १८१ आणि दुसरी साडे-१८७ पडते. पाकिटावर एमआरपीसोबत दर ग्रॅमला किंवा दर किलोला किती, हे छापलेलं असतं. ॲपवर ते दिसलं नाही तर फोनचा कॅल्क्युलेटर आहेच. 'एमआरपीवर ४० टक्के सूट' या आकड्याकडे सरळ दुर्लक्ष करा. सुट्या मालाच्या पाकिटांवर एमआरपी बऱ्याचदा आधीच फुगवून छापलेली असते, त्यावरची सूट मोजून हाती काही लागत नाही. किलोमागचा भाव तेवढा खरा.

आता वाटणी. महिन्याचं वाणसामान, म्हणजे तांदूळ, पीठ, डाळी, तेल, साखर, गूळ, पोहे, रवा, साबण, भांड्यांची पावडर, हे महिन्यातून एकदा स्लॉटच्या सेवेतून किंवा पिकअपने घ्या. पाच माणसांना साधारण दोन-अडीच किलो तूरडाळ, सात-आठ किलो तांदूळ, चार लिटर तेल, तीन किलो साखर लागते. तुमचा आकडा मात्र डबे बघून काढा. पहिल्या महिन्यात संपलेली वस्तू फ्रिजच्या दारावर लिहीत जा, दुसऱ्या महिन्याची यादी तीच. ॲपमध्ये मागची ऑर्डर जशीच्या तशी पुन्हा भरण्याची सोय असते, पण ती आंधळेपणाने वापरू नका. मागच्या वेळी उरलेली दीड किलो मूगडाळ डब्यात असताना आणखी दोन किलो येते आणि पावसाळ्यात तिला टोके होतात.

स्लॉट निवडताना पगाराचा पहिला आठवडा टाळा. १ ते ७ तारखेला गर्दी असते, स्लॉट मिळत नाहीत आणि यादीतल्या वस्तू 'उपलब्ध नाही' म्हणून गळतात. १० ते २० च्या दरम्यानचा मधल्या वाराचा सकाळचा स्लॉट घ्या. गणपती आणि दिवाळीचं सामान मात्र आठ-दहा दिवस आधी भरा. अनारशांचं पीठ, चकलीची भाजणी, पातळ पोहे, खोबरं या गोष्टी ऐन वेळी सगळ्यांनाच हव्या असतात.

पिकअपचं म्हणाल तर तुमच्या पिनकोडला पॉइंट आहे का, ते ॲपमध्ये आधी तपासा. ही केंद्रं उघडतात तशी बंदही होतात. ऑफिसमधून येतानाच्या वाटेवर असेल तर पिकअपसारखी सोय नाही. डिलिव्हरीचा आकार बहुधा नसतो किंवा कमी असतो आणि मुख्य म्हणजे काउंटरवर उभं राहून माल तपासता येतो. फुटलेली तेलाची पिशवी तिथेच परत देता येते. त्यासाठी ऑर्डर क्रमांक आणि ओटीपी आलेला फोन स्वतःजवळ हवा. नवऱ्याच्या फोनवरून ऑर्डर आणि घ्यायला तुम्ही, असं झालं की काउंटरवर खोळंबा होतो. स्वतःच्या मोठ्या पिशव्या न्या. पंचवीस-तीस किलो सामान दुचाकीवर येत नाही, तेव्हा तांदूळ आणि पीठ घरपोच आणि बाकीचं पिकअपने अशी फोड करायला हरकत नाही. दुकानातला भाव आणि ॲपवरचा भाव दरवेळी एकच असेल असं धरू नका.

आणि वाणी. व्हॉट्सॲपवर यादी घेऊन पोऱ्याकडून सामान घरी पाठवणारे वाणी ठाण्यात अजून आहेत. तुमचाही पाठवत असेल तर त्याला विचारा. सुटा माल, म्हणजे शेंगदाणे, चिक्कीचा गूळ, वाडा कोलम, इंद्रायणी, जिरं, खोबऱ्याची वाटी, यात तो ॲपपेक्षा बहुधा सरस ठरतो, कारण खवट शेंगदाणे आले तर तो मुकाट्याने बदलून देतो. फक्त यादी नीट लिहा. 'पोहे १ किलो' असं लिहिलंत तर जाडे येतील की पातळ, हा नशिबाचा भाग. 'जाडे पोहे १ किलो, नसतील तर नको', 'गूळ १ किलो, चिक्कीचा नको, साधा', 'तूरडाळ २ किलो, मागच्यावेळचीच' असं लिहावं. बिल पाठवायला सांगा, ते बघून मगच यूपीआय करा. बोलून यादी सांगायची सवय सासूबाईंना असेल तर त्यांनी व्हॉइस मेसेज पाठवला तरी चालतो, पण वजनं लेखी असलेली बरी.

ॲपवर शोधताना मराठी नाव टाकून वस्तू सापडली नाही तर हिंदी नाव टाकून बघा. मटकी 'मोठ' म्हणून, भगर 'समा' म्हणून आणि चवळी 'लोबिया' म्हणून लपलेली असते.

दुधाला रोजची वर्गणीच बरी. गल्लीतल्या दूधवाल्याकडून पिशवी येत असेल तर बदलूच नका. ॲपने हवं असेल तर बीबी डेलीसारख्या सेवा सकाळी सातच्या आत देतात, पैसे आधी वॉलेटमध्ये भरून ठेवावे लागतात. चूक होते ती दोन ठिकाणी. वॉलेट रिकामं झालं की दूध न सांगता थांबतं, म्हणून शिल्लक कमी झाल्याची सूचना चालू ठेवा आणि एका वेळी पंधरा दिवसांपुरतेच पैसे भरा. दुसरं, गावाला जाताना 'पॉज' करायचं ते आदल्या रात्री ठरलेल्या वेळेच्या आत. ती वेळ उलटली की दाराला अडकवलेल्या पिशवीत दूध नासतं आणि पैसेही कापले जातात.

भाजीचं नीट समजून घ्या, कारण तुमचं सगळ्यात जास्त वाया जातंय ते इथे. डार्क स्टोअरमध्ये माल काढणाऱ्याला एका वस्तूसाठी काही सेकंदच असतात. भेंडीचं टोक मोडून बघायला, वांग्याला भोक आहे का ते फिरवून बघायला त्याला वेळ नसतो. बऱ्याचदा भाजी आधीच वजन करून बंद केलेली असते. पालेभाजी ओलसर असताना प्लॅस्टिकमध्ये बंद होते, थंडीतून बाहेर आली की आतून घाम धरते आणि देठाजवळ चिकट होत जाते. म्हणून कांदे, बटाटे, लसूण, आलं, गाजर, बीट, कोबी, दुधी, लाल भोपळा, लिंबं हे खुशाल ऑनलाइन घ्या. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, भेंडी, वांगी, पिकलेले टोमॅटो, केळी, पपई आणि आंबे हातगाडीवर किंवा भाजीबाजारातच. आठवड्यातून दोनदा ऑफिसमधून येताना हे होण्यासारखं आहे. पाला मागवायचाच झाला तर सकाळच्या पहिल्या फेरीत मागवा, संध्याकाळी साडेसातला येणारा माल दिवसभर पडलेला असतो. आल्या आल्या प्लॅस्टिक काढा, सडकी पानं वेगळी करा, जुडी कोरड्या सुती कापडावर अर्धा तास पसरा आणि मग त्याच कापडात सैल गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. धुवून ठेवू नका.

नगावर विकल्या जाणाऱ्या भाजीकडेही लक्ष असू द्या. फ्लॉवरवर '१ नग, ४०० ते ६०० ग्रॅम' लिहिलेलं असेल तर किलोचा भाव ४०० ग्रॅम धरूनच काढा.

मग झटपट ॲप कशाला ठेवायचं? रात्री नऊला मुलाला शाळेत न्यायचा चार्ट पेपर आठवतो त्यासाठी, फोडणीत मोहरी संपल्यावर, ताप आल्यावर ओआरएस हवं असतं तेव्हा. एकच ठेवा आणि त्याच्या सूचना बंद करा. चारही ठेवून भाव ताडून बघण्यात जेवढे पैसे वाचतात त्याहून जास्त त्या ताडण्याच्या नादात खर्च होतात. घरात नियम करा: टोपलीत वस्तू कोणीही टाकावी, ऑर्डर दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी जाईल. मोहरीचा अपवाद सोडला तर बहुतेक वस्तू संध्याकाळपर्यंत थांबतात.

माल दारात आला की आधी थंड पिशवी उघडा. दही, पनीर, फ्रोझन मटार. मटाराचं पाकीट हलवून बघा. दाणे खुळखुळले तर ठीक, एकच गोळा लागला तर तो वाटेत वितळून पुन्हा गोठलेला आहे, तक्रार करा. दुधाच्या पिशवीचे कोपरे दाबून बघा, गळती तिथून होते. नंतर बिल हातात धरून नग मोजा, मग तारखा बघा. सुट्या मालाची दोन पाकिटं तरी वजनकाट्यावर ठेवा. स्वयंपाकघरातला पाच किलोचा डिजिटल काटा काही शे रुपयांत मिळतो आणि पाकिटासकट वजन छापलेल्यापेक्षा थोडं जास्तच भरायला हवं. बरोबरीत किंवा कमी भरलं तर माल कमी आहे.

हे सगळं डिलिव्हरी देणाऱ्या मुलाला दारात थांबवून करायची गरज नाही. पिशवी बंद असते, ती त्याने भरलेली नसते, आत काय आहे हे त्याला ठाऊकही नसतं. त्याच्यावर ओरडून परतावा मिळत नाही. ओटीपी मात्र पिशवी हातात आल्यावरच सांगा.

खाकऱ्याच्या पाकिटाची तुमची तक्रार रास्त होती. खाद्यपदार्थ गिऱ्हाइकाच्या हाती पडताना एकूण मुदतीच्या ३० टक्के किंवा ४५ दिवस तरी शिल्लक असावेत, असं एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, नोव्हेंबर २०२४ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलेलं आहे. सहा महिने टिकणाऱ्या पदार्थाचे ३० टक्के म्हणजे ५४ दिवस. तुम्हाला चार मिळाले. तक्रारीत हेच आकडे लिहा: उत्पादनाची तारीख, मुदत, हाती आल्याचा दिवस. ब्रेड-दह्यासारख्या थोड्या दिवसांच्या मालाला ४५ दिवसांचा हिशेब लागू पडणारच नाही, तिथे रोजची नजर हवी.

तक्रारीला फोटो तीन: वस्तूचा, तारीख आणि बॅच क्रमांक दिसेल असा लेबलचा आणि पिशवीवरच्या ऑर्डरच्या स्टिकरचा. भाजी-दुधाची तक्रार ज्या दिवशी आली त्याच दिवशी, कारण तिची मुदत बऱ्याचदा काही तासांचीच असते. वस्तूच्या पानावर खाली परताव्याचे नियम दिलेले असतात, वेळ तिथे बघा. चॅटमध्ये पहिलं उत्तर यंत्र देतं आणि ते वॉलेटमध्ये पैसे देऊन मोकळं होतं. परतावा कुठे हवा, असा पर्याय दिसला तर 'मूळ खात्यात' निवडा. न दिसल्यास 'पैसे मूळ पेमेंट पद्धतीने हवेत' असं स्पष्ट लिहा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. खात्यात यायला काही दिवस लागतात, वॉलेटमध्ये लगेच येतात, म्हणून आपण गप्प बसतो आणि ते पैसे पुढच्या ऑर्डरला बांधले जातात. आधीच वॉलेटमध्ये पडलेल्या रकमेची मुदत आहे का ते बघा, असल्यास ती वाणसामानाच्या मोठ्या ऑर्डरमध्ये वापरून संपवा.

दाद लागली नाही तर ॲपच्या तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. त्याहीपुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बुरशी, किडे, वास असा प्रकार असेल तर नुसते पैसे परत घेऊन थांबू नका, एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' या तक्रार ॲपवर किंवा राज्याच्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) कळवा. बिलावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक त्यासाठी लागतो. अशा गोष्टींची दखल घेतली जाते. जून २०२५ मध्ये धारावीतल्या एका डार्क स्टोअरचा अन्नपरवाना महाराष्ट्राच्या एफडीएने तपासणीनंतर निलंबित केला होता.

सासूबाई दिवसभर घरी असतात, म्हणजे माल त्याच घेणार. त्यांना दोन गोष्टी आजच सांगा. कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधून कधीच लावायचा नाही, तिथे भामट्यांचे नंबर पेरलेले असतात. जे बोलायचं ते ॲपच्या आतल्या मदत विभागातून. आणि 'परतावा देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका' असं कोणी म्हणालं की फोन ठेवायचा. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. पैसे आधी भरलेले आहेत की दारात द्यायचे आहेत, हे त्यांना रोज सकाळी सांगून निघा किंवा फ्रिजवरच्या त्या यादीशेजारी लिहून ठेवा.